दात कशाने गेला

४ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या आईंचा फोन आला होता. त्यांना मनाई नाही, तुझ्या भावाला आहे. जामीन देताना कोर्टाने त्याला बजावलंय, माझ्या घराच्या आसपास फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाहाती निरोप पाठवायचा नाही. पासपोर्ट पोलिसांकडे जमा. तर आई बोलत होत्या आणि मागे कुणीतरी खोकत होतं. तो खोकला मी सहा वर्षं ऐकलाय. आई अडखळल्या की खोकला, खोकला झाला की आईंचं पुढचं वाक्य. शेवटी मी म्हटलं, "आई, त्या खोकल्याला सांगा, निरोप पाठवायची बंदी आहे." त्यांनी फोन ठेवून दिला.

पण त्याआधी एक बोलून गेल्या. तुझंही म्हणणं आहे म्हणे, की मी हे मिटवून टाकावं.

खरं का गं? मग तू का नाही सांगत? कॉलेजात तू आधी माझी मैत्रीण होतीस, नणंद नंतर झालीस. तुझ्या भावाशी ओळख तूच करून दिलीस आणि लग्नात जो भेटेल त्याला सांगत फिरलीस, "हिला मी शोधलीय, मी!" तेव्हा चांगली बोलत होतीस की. आता इतक्या लांब जाऊन बसलीस आणि बोलायला आईंना पुढे करतेस?

आईंचं म्हणणं, "एका दातापायी माणसाची नोकरी घालवलीस." अजून गेलेली नाही, शाळेने फक्त निलंबित केलंय. गणिताचे तास दुसरं कुणीतरी घेतंय. दोषी ठरला तर मात्र जाईल, आणि कैदही होईल. आणि दात एक नव्हता. म्हणजे दात एकच होता, बाकीचं मोजता येत नाही एवढंच. कानाखालच्या आवाजाचा साचा निघत नाही.

माझी साक्ष २३ मार्चला आहे. तोपर्यंत असे बरेच खोकले ऐकावे लागतील. मी मजेत आहे. खरंच. वजनसुद्धा वाढलंय, तेव्हा तू ठेवलेलं नाव आता शोभणार नाही.

तरी,
तुझी दातकोरणी


११ फेब्रुवारी, लॅबमध्ये, जेवणाची सुट्टी

भिंगरी,

उत्तर नाही. चालेल.

वकीलबाई म्हणाल्या, घरी कुणापुढे तरी साक्षीचा सराव करा. सरकारी वकील आहेत त्या, माझ्या बाजूने त्याच लढतायत. बाई कडक आहे, पण बोलताना सारखी पेनाचं टोपण चावते. खालचे दोन दात झिजलेत तिचे, मी पहिल्याच दिवशी बघितलं. तर सराव. घरी मी आणि भिंती. तू भिंतीइतकीच गप्प आहेस, म्हणून तुझ्यापुढे बोलते. कागद संपलेत, लॅबच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहितेय, चालवून घे.

"माझा व्यवसाय दात बनवण्याचा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो आणि साच्यावर दात घडवतो. नऊ वर्षं हेच करते. प्रत्येक कामाला एक चिठ्ठी असते. त्यावर पेशंटचं नाव, वय, कोणता दात, रंग, आणि शेवटी एक रकाना: दात कशाने गेला. हा रकाना आमच्या मालकांनी स्वतः घातलाय. पडून गेलेल्याला आणि झोपेत दात खाणाऱ्याला एकच जाडी चालत नाही, असं ते म्हणतात. काम झालं की साचा आणि चिठ्ठी रबराने बांधून फळीवर ठेवतो, दोन वर्षं.

"दोन वर्षांपूर्वी, सोळा एप्रिलला, माझ्या नवऱ्याने फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास माझ्या तोंडावर मारला. वरचा पुढचा दात अर्धा तुटला. लॅब त्या दिवशी बंद होती, माझ्याकडे किल्ली होती. मी एकटी लॅबमध्ये गेले, स्वतःच्या तोंडाचं माप घेतलं, साचा काढला. लाज वाटली म्हणून चिठ्ठीवर नणंदेचं नाव टाकलं. कारणाच्या रकान्यात 'पायरीवरून पडून' असं लिहिलं. नणंदेला यातलं काही माहीत नव्हतं.

"त्यानंतर अकरा महिने मी त्याच घरात राहिले. अकरा महिन्यांनी त्याने ड्रॉवर जोरात लावला, माझी बोटं आत असताना. दोन बोटं मोडली. त्या दिवशी मी पोलिसांत गेले."

वकीलबाई सांगतात, बोटांचा दाखला दवाखान्याचा आहे, पण तुझा भाऊ म्हणतो तो अपघात. एखादा अपघात कोर्टात खपतो. आधीचा दात सिद्ध झाला, तर मग नाही खपत. म्हणजे सगळी केस त्या साच्यावर आणि त्या चिठ्ठीवर आहे.

कशी वाटली साक्ष? "एकटी" म्हणताना आवाज नीट लागतोय ना? पोलिसांत जबाब देतानाही मी हेच सांगितलंय. बघ, तुला किती सफाईने पुसलंय. मागे डागसुद्धा नाही.


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

आज काय झालं ऐक. वकीलबाईंनी केसच्या कागदांच्या नकला दिल्या. त्यात चिठ्ठीचीही होती. मी ती टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. येते तर प्लास्टरकाका चष्मा कपाळावर चढवून ती वाचतायत. आमचे मालक गं, तुला आठवत असतील, ज्यांच्या भुवया कायम पांढऱ्या असतात.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"नऊ वर्षं माझ्याकडे काम करून?"

"काय झालं?"

"दात कुठला तुटलाय तुझा?"

"वरचा पुढचा, उजवा."

"आणि इथे काय लिहिलंय?"

मी बघितलं. डावा. चक्क डावा लिहिलंय, भिंगरी.

आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवतात. पेशंट समोर बसतो, त्याचा उजवा दात आपल्या डाव्या हाताला येतो. लिहायचं मात्र पेशंटचं, आपलं नाही. शिकाऊ पोरीसुद्धा आठवडाभरात हे चुकायच्या थांबतात. ज्याने कधी हे काम केलेलं नाही, तो समोर उभा राहून जसं दिसेल तसं लिहून मोकळा होतो.

काका म्हणाले, "हे तुझ्या हातचं नाही. कुणीतरी तुझ्यासमोर उभं होतं."

"काका, सोडा ना."

"सोडलं. मी प्लास्टरवाला, मला काय कळतंय." आणि माप उचलून ओतायला लागले. दोन मिनिटांनी पाठमोरेच म्हणाले, "पण त्याचा वकील प्लास्टरवाला नाही."

त्या दिवसापासून आजपर्यंत ही चिठ्ठी मी नीट वाचली नव्हती. दात मी आठवणीने बनवला, चिठ्ठीची गरज नव्हती. पोलिसांनी अक्षर कुणाचं विचारलं, मी माझं म्हटलं, विषय संपला.

आता सांग, मी काय सांगू? चुकून लिहिलं? बोटं चांगली असताना, डोळे उघडे असताना, मी स्वतःच्या तोंडातला दात चुकले? कोर्टात मला मार खाल्लेली म्हणून उभं राहायचंय, त्यात हरकत नाही. पण कामात गाढव म्हणून उभं राहायचं? ते काही मला जमायचं नाही.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.


९ मार्च

भिंगरी, हे पत्र टाकत नाहीये. टाकायचं नाही असं वकीलबाईंनी सांगितलंय.

आज बचावाच्या साक्षीदारांची यादी मिळाली. पहिलं नाव तुझं. आरोपीची बहीण. तू सांगणार आहेस की सोळा एप्रिलला तू आमच्याकडे आली होतीस आणि मी पायऱ्यांवरून पडताना तू डोळ्यांनी बघितलंस.

पायऱ्यांवरून! आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. तीन. त्यावरून पडून दात घालवायचा तर माणसाला आधी तालीम करावी लागेल.

वकीलबाईंनी विचारलं, "ही त्या दिवशी खरंच होती का तिथे?" मी म्हटलं, नाही. टोपण चावत त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिच्याशी आता काही संपर्क नको. ती त्यांची साक्षीदार आहे." म्हणजे मी तुला पुसत बसले होते आणि तू स्वतःहून मला पाडायला निघालीस.

ठीक आहे. आता हे पत्र कपाटातच राहणार, तर एकदा खरं लिहून टाकते. वाचणारं कुणी नाही, लाजायचं कुणाला?

त्या दिवशी तू टेबलापाशी बसली होतीस. सफरचंद कापत होतीस. तो घरी आणलेला कंपास दुरुस्त करत होता, त्याचा स्क्रू सैल झाला होता. मी म्हटलं, शाळेतल्या शिपायाला दे ना, आज सुट्टी आहे. एवढंच. तुझ्या हातातली सुरी थांबली, मला ती आठवते. मग तू खाली वाकून दाताचा तुकडा शोधलास. मी नाही, तू. रुमालात गुंडाळलास आणि तुझ्या भावाला म्हणालीस, "तू आत जा." तो गेलाही. तुझं ऐकायचा तो.

मी दवाखान्यात जाऊ म्हणत होते. तू म्हणालीस, "दवाखान्यात विचारतात." गाडी तू चालवलीस. लॅबमध्ये मापाची पावडर तू कालवलीस, पहिल्यांदा पातळ झाली आणि सगळी माझ्या गळ्यावर ओघळली. आपण हसलो. शप्पथ, आपण दोघी हसलो, माझ्या ओठातून रक्त येत होतं आणि आपण हसलो. दुसऱ्या वेळी तू माप माझ्या तोंडात धरून उभी राहिलीस, एक हात माझ्या डोक्यावर. माझ्या हातून पेन दोनदा पडलं म्हणून चिठ्ठी तू ओढून घेतलीस. "माझं नाव टाकते. काका तुला विचारतील, मला कोण विचारणार?" आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबलीस. मी मान हलवली नाही. हो म्हणूनही नाही, नको म्हणूनही नाही. तू लिहिलंस.

मी तुला तेव्हा दोष दिला नाही. आजही त्या दिवसाचा देत नाही. घाबरलेल्या दोन बायका होत्या, त्यातल्या एकीला पेन धरता येत होतं. पण आज तू घाबरलेली नाहीस. आज तू यादीत आहेस.


२३ मार्च, कोर्टाच्या बाहेरचा बाक

अजून पुकारा नाही. तुझ्या आई समोरच्या बाकावर आहेत. मघाशी येऊन म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही." मी म्हटलं, "आई, तुम्ही बसा, तुमचे गुडघे दुखतात." बसल्या. साक्ष फिरवणाऱ्याला फितूर म्हणतात, हे मला आज दारावरच्या हवालदाराने सांगितलं. म्हणाला, या खटल्यांत अर्ध्या बाया होतात. मी म्हटलं, उरलेल्या अर्ध्यांत मला धरा.


२ एप्रिल

भिंगरी,

उद्या तुझी साक्ष. हे पत्र मी वकीलबाईंकडे देऊन ठेवणार आहे, तुझं बोलून झालं की त्या तुझ्या हातात देतील. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा कुणालाच काही बदलता येणार नाही. ना तुला, ना मला. म्हणून यात विनवणी शोधू नकोस. मी काय बोलले तेवढं सांगते. तू काय बोललीस ते तुला माहीत असेलच. जुळवून बघ.

वकीलबाईंचे प्रश्न सोपे गेले. मग तुझ्या भावाचा वकील उठला. गोड माणूस आहे. आवाज असा की लहान मुलाला झोपवावं.

"अकरा महिने तुम्ही त्याच घरात राहिलात?"

"हो."

"मारणाऱ्या माणसाबरोबर?"

"घर माझंही होतं."

"त्याच्या वाढदिवसाला घड्याळ दिलंत?"

"दिलं. चांगलं चालतं अजून, बघा हातात आहे त्याच्या."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर बघितलं. वकिलाने चिठ्ठी काढली.

"ही तुम्ही लिहिलीत?"

मी उत्तर द्यायच्या आतच त्याने पुढचं विचारलं, सवयच असते त्यांना. "यावर नाव तुमचं नाही. कारण पडल्याचं आहे. आणि दात डावा आहे. तुमचा तुटला तो उजवा. बाई, तुम्ही नऊ वर्षं हेच काम करता ना? मग या चिठ्ठीचा आणि तुमचा काय संबंध? की कामात इतक्या कच्च्या आहात?"

मी तुला खरं सांगते, मी पुसलेलंच पुढे पुसायचं ठरवून गेले होते. यादीत तुझं नाव बघूनसुद्धा. शब्द तयार होते: घाईत चूक झाली. दोनच सेकंदांचं काम होतं. पण तो हसला. कामात कच्च्या म्हणताना हसला. आणि मला दिसलं की हा माणूस खूश आहे, कारण दोन्हींकडून त्याचंच भलं आहे. मी चुकले म्हणाले तर मी बेभरवशाची. नाही चुकले तर चिठ्ठी माझी नाही.

मी म्हटलं, "दात माझाच आहे. चिठ्ठी माझीच आहे. अक्षर माझं नाही."

वकिलाने चिठ्ठी परत डोळ्यांपाशी नेली.

"आमच्या कामातलं कुणीही डावा लिहिणार नाही," मी म्हटलं. "माझ्यासमोर उभं राहून जे दिसलं ते लिहिलं, म्हणून डावा झाला. जिने लिहिलं ती माझ्यासमोर उभी होती. त्याआधी नवऱ्याने मला मारलं तेव्हाही ती तिथेच होती."

"ती कोण?"

मी तुझं नाव घेतलं. पूर्ण. लग्नाआधीच्या आडनावासकट, म्हणजे घोळ नको.

तुझ्या भावाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. इतके दिवस तो समोरच्या टेबलाकडे बघत असायचा, जसं काही मी नाहीच.

न्यायाधीश म्हणाले, "पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही एकटी होतात असं म्हटलंय. ते खोटं होतं, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे. ते आणि अक्षराचं, तेवढंच खोटं होतं. तिला यात ओढायचं नव्हतं म्हणून बोलले."

"आणि आता?"

"आता ती आपल्या पायाने आलीय."

त्यांनी ते लिहून घेतलं. जसंच्या तसं, टाइप करणाऱ्या बाईला सांगून.

बाहेर आल्यावर वकीलबाई अशा भडकल्या! "मला आधी सांगायचं होतंत! जबाबात खोटं निघालं, आता ते यावरच खेळतील!" मी म्हटलं, सांगितलं असतं तर तुम्ही तिला आधीच ओढून आणली असती. त्या म्हणाल्या, "अर्थात आणली असती!" मग टोपण चावत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "अक्षर तपासायला देता येईल. शिवाय ती उभी राहील तेव्हा तिला चार शब्द लिहायला सांगायची परवानगी मागते." आणि मग, पहिल्यांदाच, "जेवलात का?"

निकाल काय लागेल मला माहीत नाही. त्या खोट्यापायी सगळी केस ढासळू शकते, वकीलबाईंनी काही लपवलेलं नाही. तो सुटेल, शाळेत परत जाईल, आई मला रस्त्यात बघून पदर सावरून निघून जातील. होऊ दे. त्या पिंजऱ्यात मी जे बोलले त्यातला एक शब्द मला परत घ्यायचा नाही. सहा वर्षांत असा एक दिवस नव्हता.

लोक विचारतात, अकरा महिने राहिलीस, मग बोटांपाशीच का उठलीस? दात मी दुसरा बनवते. बोटं कोण बनवून देणार मला? कुणी हसू दे, कुणाला हे छोटं कारण वाटू दे. माझं कारण आहे. माझ्या रकान्यात मी लिहिणार.

तुझ्यावर काय येईल तेही विचारलं मी. शपथेवर खोटं बोललेलं सिद्ध झालं तर तुझ्यावरही खटला होऊ शकतो. हे तुला आधी कळवायची मला बंदी होती. बंदी नसती तरी कळवलं असतं का, याचा मी दोन दिवस विचार केला. नसतं कळवलं. मला ऐकायचंय, मी सावध न करता तू काय बोलतेस.

माझी साक्ष झालीय, त्यामुळे आता मला आत बसता येतं. तू पिंजऱ्यात उभी राहशील तेव्हा तुझा भाऊ तुझ्या बाजूला असेल, मान वळवल्याशिवाय दिसणार नाही. समोर मी असेन. तू खोटं बोललीस तरी उठून जाणार नाही, खरं बोललीस तरी धावत येऊन गळ्यात पडणार नाही. शेवटपर्यंत बसून ऐकेन.

साडेदहाला कोर्ट सुरू होतं. मी दहालाच जाते, पहिला बाक लगेच भरतो.